गोरक्षाचा सोमवार

सोमवार उजाडायच्या आत भिमाजी गोठ्यात गेला. हरण्या-मोत्यापुढं वैरण टाकली, दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाला, "बसा निवांत. आज तुमाला सुट्टी." मग पडवीत येऊन त्यानं धाकट्या भावाच्या अंगावरची घोंगडी खसकन ओढली. "ऊठ रं गोरक्षा! पान्यात उतरायचंय!"

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मंडळी, सगळी गोम तिथंच होती!

एकाहत्तर सालातली थंडी. भंडारदरा धरणाच्या फुगवट्याकाठच्या त्या वस्तीवर वर्षभर एकच विषय चालला होता, राजूरच्या तरुण मंडळाची तिहेरी शर्यत. आधी फुगवटा पोहून पार करायचा, तिथून सायकलीनं राजूर गाठायचं आणि शेवटी पळत टेकडीवर जाऊन खंडोबाची घंटा वाजवायची. गेल्या साली पहिली घंटा गोरक्षानं वाजवली आणि आजूबाजूच्या जत्रांतून बोलावणी सुरू झाली. कुठं पळायचं, कुठं सायकल हाणायची. भिमाजी एकालाही नाही म्हणेना. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, सायकलीवर टांग टाकता येत नव्हती, पण भावाचा वस्ताद मात्र तोच! पहाटे पोहणं, दिवसभर राजूरच्या सोसायटीत भाताची पोती उचलणं, संध्याकाळी चढावर पळणं आणि रविवारी जत्रेतली शर्यत, असा गोरक्षाचा आठवडा होता. त्यात टेकायला जागाच नव्हती.

दिवाळीपासून पोराचं काहीतरी बिनसलं होतं. ताटात भाकरी तशीच राहायची. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. परवा तर पोतं पाठीवर असताना उभ्या उभ्याच त्याचे डोळे मिटले. भिमाजीची बायको चांगुणा हे सगळं बघत होती.

"अहो, आज भावजींना नका नेऊ," ती दारात आडवी उभी राहिली. "अंगात कणकण हाय त्यांच्या. कालच तर शर्यत झाली."

"आठ दिसांवर राजूर आलंय! आता बसला तर अंग जड हुईल. बसनं म्हंजे आळस."

"मंग आपले बैल आळशी म्हनायचे व्हय?"

"बैलांचं काय काढलंस मधीच?"

"आज सोमवार. महादेवाचा वार म्हनून तुमी त्यांच्या मानंवर जू ठेवत न्हाई. तुमच्या आज्यानं बी ठेवलं न्हाई. मुकं जनावर दमतं म्हनूनच ना? आन् मंगळवारी तेच बैल कसे ताठ चालत्यात, हे तुमीच गावभर सांगता! नुसत्या कामानं ताकद येत न्हाई. काम करून जरा पडलं, की मंग ती अंगात मुरती. बैलांना कळतं, तुमाला कळंना? रोज काठावरनं 'हात मार, हात मार' वरडता. कवातरी 'थांब' म्हना भावजींना!"

भिमाजी घुटमळला. पण गोरक्षच उठून उभा राहिला. "जाऊ दे वैनी. थांबलो तर लोक म्हनतील, भ्याला."

चांगुणा बाजूला झाली. दोघं पाणंदीतून दिसेनासे होईपर्यंत ती दारातच होती.

फुगवट्यावर धुकं बसलं होतं. काठाला ना होडी, ना माणूस. एरवी गोरक्ष धावत येऊन सूर मारायचा. आज तो गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसता त्या काळ्या पाण्याकडं बघत राहिला. मग एकदम आत गेला.

"हात मार! हात मार!" भिमाजीचं सुरू झालं.

बऱ्याच आत गेल्यावर गोरक्षाचा एक हात वर आला आणि तसाच खाली पडला. दुसरा आलाच नाही. डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

"दादा!"

"हात मार, गोरक्षा! हात मार!" भिमाजी सवयीनं ओरडला. गोरक्षानं जिवाच्या आकांतानं हात झाडले आणि तो आणखीच खाली गेला. अरे देवा! भिमाजी कंबरभर पाण्यात धावला, पायाखालची जमीन सरकली तसा धडपडत मागं आला. हाक मारायला दूरवर कुणी नव्हतं. भाऊ डोळ्यांदेखत चालला होता आणि जवळ होती ती नुसती जीभ! तेव्हा त्याच्या कानात चांगुणाचे शब्द वाजले.

"थांब!" त्यानं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. "थांब रं माझ्या राजा! हात मारू नगंस! उताना पड! नुसता पड!"

दादाचा शब्द मोडायची गोरक्षाला सवय नव्हती. हात थांबले. तो कसाबसा वळला, तोंड आभाळाकडं झालं आणि छाती पाण्यावर तरंगू लागली.

"पड तसाच. घाई न्हाई. कशाचीच घाई न्हाई," भिमाजी रडत रडत म्हणत राहिला. धुकं विरायला लागलं, तेव्हा गोरक्षाचे पाय हळूहळू हलले. तो काठाला लागताच भिमाजीनं त्याला पोटाशी धरलं.

"राजूरला जायचं न्हाई."

"लोक काय म्हनतील, दादा?"

"म्हनू देत! तू हायेस तर शर्यती हायेत. मीच बैलाहून अडानी निघालो बघ!"

रविवारी घंटा दुसऱ्याच कुणी वाजवली. वस्तीवरच्यांनी टोमणे मारायचे ते मारले. सोमवारी भिमाजी गोठ्यातून आला, तर गोरक्ष गाढ झोपला होता. त्यानं घसरलेली घोंगडी सारखी केली आणि दबक्या पावलांनी वळला. समोर चांगुणा कमरेला घागर लावून निघाली होती.

"भावजींना सोमवार मिळाला," ती हसली. "माझा कवा?"

भिमाजीनं घागर काढून घेतली आणि सगळ्या वस्तीसमोरून पाणवठ्याची वाट धरली.

पुढच्या साली गोरक्ष तिसरा आला आणि भिमाजीनं पेढे वाटले.

वाचकहो, मुक्या जनावराला विसावा द्यायची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. बोलत्या माणसालाही तो लागतो, पण माणूस लाजेनं मागत नाही, आणि आपण तो दमल्याचं बघत नाही. विसावा म्हणजे आळस नव्हे. आपल्या घरात कुणाचा सोमवार राहून गेलाय, तेवढं आज बघा.