एकदा ओढून दाखव

मी एक रेग्युलेटर. खोल पाण्यात माणूस मला दातांत धरतो आणि सिलेंडरमधला श्वास मी त्याच्या छातीत पोचवतो. माझी नळी दोन मीटर लांब आहे, ती एकाच कारणासाठी. साथीदाराचा गॅस संपला, तर त्याला स्वतःच्या तोंडातलाच रेग्युलेटर द्यायचा. तो चालू असल्याची खात्री असते. म्हणून उडी मारण्याआधी नळी पूर्ण ओढून दाखवायची, असा या लोकांचा रिवाज.

माझा मालक सौमित्र, अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहणारा सॉफ्टवेअरवाला. त्याचे साथीदार श्रीराम पंधरा वर्षांनी मोठे; तो त्यांना काका म्हणतो.

१८ जून २००५. खाली त्रेसष्ट मीटरवर बुडालेली जुनी आगबोट. पाणी चार अंश. वर आमची बोट लाटांवर आपटत होती.

"एकदा ओढून दाखव," श्रीराम म्हणाले.

"काका, दोनशे डाइव्ह झाल्यात यार! पाण्याचा करंट वाढायच्या आत जाऊ."

"दोनशे झाल्या म्हणून मासा झालास का?"

सौमित्र हसला आणि त्याने उडी मारली. त्याच्या दिव्याची वायर माझ्या नळीवरून गेली होती. ओढलं तर मी अडकणार, हे मला कळत होतं. पण मला बोलता कुठे येतं?

आगबोटीच्या बॉयलरमागे श्रीरामांचा रेग्युलेटर गोठून उघडाच अडकला. गॅस गर्जत सुटला, गंज आणि गाळ उसळला. जाड हातमोज्यांत गॅस बंद करायचा मानेमागचा व्हॉल्व्ह त्यांना फिरवता येईना. दोन मिनिटांत सिलेंडर रिकामे. त्यांनी मला सौमित्रच्या तोंडातून हिसकावलं. मी वीतभर आलो आणि अडकलो.

मग मारामारीच झाली. सौमित्रने गळ्याशी लटकणारा दुसरा रेग्युलेटर तोंडात कोंबला. श्रीरामांनी त्याची मान आवळून मला ओढलं. कपाळावर कपाळ आदळलं, मास्कची काच तडकली. गुडघा, कोपर, मूठ. श्रीरामांचा दात माझ्यावर आपटून तुटला. दिव्याच्या उजेडाबाहेर रक्त हिरवं दिसतं, हे मी तेव्हा पाहिलं. सौमित्रने सुरी काढली. वाटलं, आता भोसकतो. त्याने वायर कापली.

अंधार. मी सुटलो.

वर येताना, वीस मीटरच्या वरच वापरता येणारी स्वतःची छोटी गॅसची बाटली उघडेपर्यंत श्रीरामांनी मला चावून धरलं होतं.

बोटीवर त्यांनी आधी सौमित्रच्या कानाखाली जाळ काढला. मग रक्त थुंकून म्हणाले, "आता ओढून दाखव."

त्याने मला पूर्ण दोन मीटर ओढलं.

आता २००८ आहे. श्रीराम पाण्यात उतरत नाहीत. पण आम्ही निघालो की धक्क्यावर येतात, माझी नळी स्वतः ओढतात आणि घरी जातात. दातांत धरायच्या माझ्या रबरावर त्यांच्या दातांच्या खुणा आहेत. सौमित्र ते रबर बदलत नाही.

तुमच्याकडेही अशी खूण असेल, तर ती बदलू नका. आणि कुणी म्हणालं, ओढून दाखव, तर हसू नका. ओढा.