कोरड्या दिवशी बसणारी झडप

मी झडप बोलतेय. खिडकीची, लाकडाची. या घरच्या सुनेचं, अल्फ्रिडाचं, कुणी खरं मानलं नाही, एकानेही नाही, आणि ते माझ्यामुळे. म्हणून आधी तेच सांगून टाकते. तोंड लपवायला मला हात नाहीत, नाहीतर केव्हाच लपवलं असतं.

मी सीडरच्या लाकडाची. करियाकू बेटावर त्याच्याच होड्या होतात, आणि मला घडवलं तेही होड्या बांधणाऱ्या हातांनी. अल्फ्रिडाच्या सासऱ्यांच्या. नाव ओबेदाया, पण सगळं गाव त्यांना पापा म्हणतं. वादळाचे महिने तोंडावर आले तेव्हा होडीतून उरलेल्या फळ्यांच्या त्यांनी घराच्या चार खिडक्यांना चार झडपा केल्या. फळीला फळी अशी भिडवली की मधे सुरीचं पातं जाईना. मला चौकटीत मिटलं तेव्हा ‘टक’ असा आवाज आला. त्या आवाजाचा मला फार तोरा होता.

अल्फ्रिडा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, “पापा, कडेला जरा फट सोडा. पावसात फुगेल ती.”

“फुगू दे की. फुगली की घट्ट होते. चाळीस वर्षं होड्या बांधतोय मी, पोरी.”

“होडी रोज उघडायची-मिटायची नसते, पापा.”

शेजारची म्हातारी टांटी फिलो कुंपणावरून हसली. “बघा, ग्रेनाडाच्या डोंगरातली पोर आम्हाला लाकूड शिकवते. तुझ्या माहेरी कोकोच्या पेट्या ठोकतात गं. फटी त्यांना लागतात.”

मीही मनात हसले होते. ते आता आठवलं की लाज वाटते.

सप्टेंबरात वादळ आलं. अल्फ्रिडाचा नवरा क्लेव्हस मालाच्या गलबतावर त्रिनिदादला गेलेला. पापा बाकीच्या पुरुषांबरोबर होड्या खारफुटीत बांधायला गेले नि तिकडेच राहिले. वादळात इथले पुरुष होड्या धरतात, घर बायकांवर सोडतात. जाताना बजावून गेले, “तीन झडपा अडसर घालून मीट. वाऱ्याच्या पाठीकडची एक उघडी ठेव, नाहीतर घर कोंडून फुटेल. मधे वारा पडेल, तेव्हा ती मीट आणि समोरची उघड. वारा मग मागून येतो.”

ती उघडी ठेवायची झडप मी. मला बाहेरच्या भिंतीला आकड्याने अडकवलं. आदल्या दिवसापासून छपराची सगळी धार माझ्या अंगावर. रंग लावायचा राहिलेला, लाकूड उघडंच. बाकीच्या तिघी मिटल्या जागी फुगल्या आणि पक्क्या झाल्या. मी उघड्यावर फुगले.

दुपारी वारा पडला. इतका, की कोंबड्या बाहेर आल्या. अल्फ्रिडाने आकडा काढला आणि मला ओढलं. मी चौकटीवर अडले. तिने बाहेर जाऊन खांदा लावला, मग आत येऊन होडीचा दोर बांधला नि दोन्ही पाय भिंतीला लावून ओढलं. मी दोन नखांएवढी मोठी झाले होते. दोनच नखं. अडसर काही पडेना.

“बस ना गं,” ती मला म्हणाली. माणसाशी बोलावं तशी.

नाही बसले मी. वारा मागून आला, माझ्या कडेने शिरला, आणि मला भिंतीवर आपटून घरात घुसला. समोरची उघडायला तिला वेळच मिळाला नाही. घर फुगलं आणि छप्पर गेलं. ती टेबलाचा पाय धरून खाली पडून राहिली.

टांटी फिलोने गावभर केलं, “माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. झडप सताड उघडी. वारा पडला तर वादळ सरलं म्हणून लवंडली असेल बाई.”

नऊ दिवसांनी क्लेव्हस आला. तोवर कडक ऊन पडलं होतं. भिंती जागेवर होत्या, वर नुसतं आभाळ.

“का नाही मिटलीस?”

“फुगली होती. पापांना मी आधीच सांगितलं होतं.”

क्लेव्हसने मला धरून ओढलं. आणि मी बसले. टक.

त्याने तीनदा उघडून पाहिलं. तीनदा टक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकडी व्हावं, चिरावं, काहीतरी व्हावं, असं पहिल्यांदा वाटलं.

“बसते की,” तो म्हणाला. पापा तिथेच उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

अल्फ्रिडा म्हणाली, “खोटारडी म्हणून मी नव्या छपराखाली राहणार नाही. शनिवारी ग्रेनाडाची बोट आहे.”

मग तिने बिजागऱ्या सोडवल्या, मला डोक्यावर घेतलं आणि भर गावातून किनाऱ्यावर नेलं. नव्या होड्या पाण्यात मुरायला ठेवतात, तिथे मला दगडांखाली बुडवलं.

“काय गं, झडपेला बाप्तिस्मा देतेस?” टांटी फिलोने विचारलं.

“हो. पाप तिचंच आहे.”

दोन दिवसांनी, शुक्रवारी, तिने मला परत आणून बिजागऱ्यांत अडकवलं. अर्धं गाव जमलं होतं. क्लेव्हसने ओढलं. मी अडले. त्याने खांदा लावला. मी अडलेलीच. तो ओशाळून बाजूला झाला. टांटी फिलोला घरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

पापा पुढे आले. माझ्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. “पाणी किती प्यायलीस गं,” म्हणाले, आणि पटाशी मागितली. बांधलेल्या प्रत्येक होडीच्या आत ते स्वतःचं नाव कोरतात. झडपेवर कधी कोरलं नव्हतं. घरच्या फुटकळ कामावर कोण नाव टाकतो? सगळ्यांसमोर त्यांनी ते माझ्या आतल्या अंगावर कोरलं, सावकाश, एकेक अक्षर. मग सुनेकडे वळून विचारलं, “किती फट सोडू?”

“बोटभर,” ती म्हणाली.

शनिवारची बोट तिच्याविना गेली. आज माझ्या कडेने उन्हाची तिरीप आत येते, टक होत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. एखादी बाई म्हणाली, बसत नव्हती, तर कोरड्या दिवशी येऊन तपासू नका. आणि करियाकूला आलात, तर दोष कुणाचा हे तिला विचारू नका. मला मिटा आणि आतून वाचा: ओबेदाया.