सरजाआत्यानं उचललेली कळशी

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती आणि त्यातली तीन कोरडी गेली होती. चाकूरजवळच्या त्या वाडीत टँकर यायचा. टँकरच्या रांगेत माणसं कशाला उभी राहतील? कळशा उभ्या राहायच्या! कळशी ठेवली म्हणजे माणूस उभा. तिला पायानं सरकवायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून खासदार निवृत्तीअण्णांचं पोस्टकार्ड आलं तेव्हा गावानं मतंही कळशांनीच दिली. अण्णा अपक्ष. निवडून येताना त्यांनी शब्दच दिला होता की मोठ्या मतदानाआधी गावाला विचारीन. कार्डात एकच सवाल होता : परक्या देशात लढायला आपली फौज पाठवायची का?

"हो म्हणणाऱ्यांनी कळशी पाराच्या उजवीकडं ठेवा, न्हाई म्हणणाऱ्यांनी डावीकडं," सरपंच शेषेरावांनी हुकूम सोडला. उजवीकडं अठ्ठावन्न झाल्या, डावीकडं सव्वीस. "लिही गं पंचशीला!"

दहावीतल्या पंचशीलाचं अक्षर गावात एक नंबर, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. तिनं जबाबाच्या कार्डावर आकडे लिहिले. खाली दोन बोटं जागा उरली. मग तिनं कुणालाच न विचारता लिहून टाकलं : 'सरजाआत्याचा केरबा फौजेत आहे. आत्यानं कळशी आधी उजवीकडं ठेवली, मग डावीकडं ठेवली, मग उचलून रिकामीच घरी नेली.'

पंधरा दिवसांनी रेडिओवर बातमी आली. ठराव मंजूर झाला. निवृत्तीअण्णा तटस्थ राहिले.

वाडी नुसती पेटली! कारण अण्णांना दिल्लीत कुणीतरी सांगितलं होतं, 'हो म्हणा, तुमच्या वाडीची नळयोजना पक्की समजा.' ही खबर अण्णांच्या आधी गावात पोचली होती. पंचशीलाला मात्र आपली ती ओळ आठवली. ती दोन बोटं जागा तिनं कोरी का सोडली नव्हती?

अण्णा आले ते एस.टी.नं, धुळीनं माखून. पारावर बसू तर द्यायचं!

"आमी अठ्ठावन्न जण काय येडे हाव का?" शेषेराव कडाडले. "हो म्हनायला सांगितलं, तुमी मुकाट बसून राहिले!"

"तोंडात गुळणी धरली व्हती का, अण्णा?" मागून कुणीतरी टोमणा मारला. "पाणी तर न्हाई आमच्याकडं!"

सगळे हसले. अण्णाही हसले. खिशातलं कार्ड त्यांच्या हाताला लागलेलं पंचशीलाला दिसलं. पण त्यांनी ते बाहेर काढलं नाही. "चूक असंल तर माझी हाय," एवढंच म्हणाले.

ते पोरीला वाचवत होते! पंचशीला ताडकन उठली.

"सरपंचकाका, आत्याच्या कळशीचं मी लिहिलं. तुम्ही सांगितलं नव्हतं. माझ्यामुळं गेले तुमचे नळ."

"गप बस, पंचे!" तिची आई पुटपुटली.

"बसत न्हाई. झालं ते खरंच लिहिलं मी."

अण्णा पाराची कड धरून उभे राहिले. "पोरीमुळं न्हाई, शेषेराव. तुमच्या अठ्ठावन्नचा मान राखला, म्हणून न्हाई म्हटलं न्हाई. पण गावातून जाणारं पोरगं एकच, अन् त्याच्याच घरची कळशी कुठल्याच बाजूला नव्हती. माझ्या बाकावर तीन बटणं व्हती. हो दाबायला बोट नेलं, की ही बाई रिकामी कळशी घेऊन जाताना दिसायची. तिसरं, कुणीकडंच न्हाईचं, दाबलं. पुढल्या बारीला मत नका देऊ मला. पण कार्ड आलं तर जबाब धाडा, अन् पोरीकडूनच लिहून घ्या."

तेवढ्यात सरजाआत्या पुढं आली. "तरी माझा केरबा चाललाच की, अण्णा."

"चालला, सरजाबाई. मला थांबवता आलं न्हाई."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. "व्हय. पण तुमी ढकलला न्हाई."

टँकरचा भोंगा वाजला. सगळे कळशांकडं धावले. शेषेराव धुसफुसतच उठले, पण रांगेच्या तोंडाशी असलेली स्वतःची कळशी त्यांनी एक हात मागं सरकवली.

"ठेव गं सरजे, इथं."

आत्यानं कळशी भरली आणि पहिला तांब्या अण्णांना दिला. पंचशीला बघतच राहिली. दिल्लीला हो न म्हणता आलेला माणूस दोन्ही हातांनी तांब्या धरून पीत होता, एक थेंबही खाली न सांडता.