हौदाचं बूच

फुलाबाईनं मेलेलं कोकरू रेवणसिद्धच्या पायांशी ठेवलं आणि ती गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून बसली.

"ह्ये पाचवं, अण्णा. तुमचं पानी पिऊन मेलं."

"माझं पाणी?"

"मग कुणाचं? सांजच्याला बूच तुमीच उपटता की. मी रोज बगते."

कोकराच्या तोंडावर तांबडा फेस सुकला होता.  बावीस वर्षं रेवणसिद्ध सोलापूरच्या या गिरणीत रंगखात्यात होता. लुगड्यांचं सूत रंगवून झालं की उरलेलं पाणी हौदात साठायचं, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की तो बूच उपटायचा. पाणी मोरीतून ओढ्यात जायचं. पुढं त्याचं काय होतं, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. पण पस्तीस सालचा तो उन्हाळा वाईट होता. फुलाबाईसारखे जेऊरकडचे धनगर मेंढरं घेऊन शहराच्या कडेला उतरले होते आणि त्यांना तेवढा एक ओढाच होता.

"तुमी देवाचं मानूस," फुलाबाई म्हणाली. "चाळीच्या पडवीत हातावर लिंग घिऊन बसता. त्येला कुटलं पानी घालता?"

"नळाचं."

तिनं मान हलवली, कोकरू उचललं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेवणसिद्ध नेहमीप्रमाणे पूजेला बसला. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्यावर नजर लावायची आणि श्वास शांत होईपर्यंत हलायचं नाही, हे त्याला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं. त्या दिवशी तो तांबडं फुटेपर्यंत बसला, पण श्वास काही शांत होईना.

"झाली का पूजा?" त्याची बायको ईरम्मा चुलीपाशी होती.

"न्हाई. डोळ्यांपुढनं त्या कोकराचं तोंड हालंना."

"मग मुकादमाला सांगा की. मला सांगून काय हुनार?"

मुकादम हरिबा वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मेंढरं दुष्काळानं मरत्यात, रेवण्णा."

"दुष्काळानं तोंडाला रंग येत न्हाई. मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणू. पाणी तितं मुरंल. मी एकटा खणतो."

"ती साहेबांची टेनिसची जागा हाय."

 हरिबानं नजर वळवली.

सोमवारी रेवणसिद्ध मठात गेला. मंडपावरचे नवे पत्रे गिरणीच्या मालकांनी घालून दिले होते. स्वामींनी त्याचं बोलणं डोळे मिटून ऐकलं.

"बाहेरचं बघू नकोस," ते म्हणाले. "मन आत वळव. बाहेरचं दुःख ही माया."

"आत वळवलं, स्वामी. आत बी मेंढरंच हायती."

"साधना कच्ची आहे तुझी."

 जन्मात रेवणसिद्ध स्वामींपुढं वर मान करून बोलला नव्हता.

"आपल्या सिद्धरामांनी ह्या गावात लोकांसाठी तळं खणलं," तो म्हणाला, "ते डोळे मिटून खणलं नव्हतं."

 नमस्कार न करताच तो पायऱ्या उतरला.

त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि रेवणसिद्धनं बूच उपटलं नाही. हौदाच्या कठड्याशी मांडी घालून त्यानं लिंग तळहातावर घेतलं. आठवड्यात पहिल्यांदाच त्याची नजर स्थिर झाली. रंगखात्यातलं पाणी येतच राहिलं, हौद काठोकाठ भरला आणि तांबडं पाणी फरशीवर पसरलं. वाळत ठेवलेल्या सुताच्या लडी भिजल्या. हरिबा धावत आला, हाका मारून थकला आणि शेवटी मॅनेजरला घेऊन आला.

पाणी मॅनेजरच्या बुटांना लागलं तसा तो दोन पावलं मागं सरला.

"याच्यात औषध असतं. पायाला लागलं तर कातडी जाते," तो हरिबावर ओरडला.

रेवणसिद्धनं डोळे वर केले. "मग साहेबांना ठाऊक हाय की."

"बूच काढ."

"न्हाई."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस. गिरणीची खोली आठ दिवसांत खाली कर."

हरिबानं हौदात खांद्यापर्यंत हात घालून स्वतः बूच उपटलं. रेवणसिद्धकडे त्यानं बघितलं नाही. गुरगुरत सगळं पाणी ओढ्याकडे गेलं.

ईरम्मानं सामान बांधलं. ती एवढंच म्हणाली, "आदीच कराया पायजे हुतं."

अक्कलकोटला तिच्या माहेरी जायचं ठरलं होतं, पण ते तिथपर्यंत पोचलेच नाहीत. मोरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कोरड्या वाळूत रेवणसिद्ध आणि फुलाबाईनं तीन दिवस झिरे खणले. कमरेइतक्या खोलीवर पाणी लागलं, गढूळ पण गोडं. ईरम्मानं तिथंच बाभळीखाली चूल मांडली. मेंढरं झिऱ्यावर येऊ लागली, पण उन्हानं कासावीस झालेलं जनावर जवळचं पाणी बघतं. भोंग्याच्या वेळेला कळपातली निम्मी खालच्या अंगाला पळायची.

गिरणी चालूच राहिली. बूच उपटायला दुसरा माणूस मिळाला.

मग भोंगा झाला की रेवणसिद्ध धोतर वर खोचून ओढ्यात उतरायचा. मोरीतून पाणी यायचं, वाळू तांबडी करत त्याच्या पोटऱ्यांना वळसा घालून पुढं जायचं. पोटऱ्यांची कातडी सोलली होती. दोन्ही हात पसरून तो मेंढरांकडे तोंड करून उभा राहायचा, आणि सबंध कळप काठावर थांबून त्याच्याकडे बघत राहायचा.