हिवरसोंडच्या शिवेचा दगड

मी हिवरसोंडच्या शिवेवरचा दगड. आता हे हिवरसोंड कुठं म्हणून लातूरच्या नकाशात बोट फिरवू नका मित्रांनो, सापडायचं नाही. वॉर्डाचा नंबर तेवढा सापडेल.

निजामाच्या अमलात पैमाशीची माणसं जमीन मोजायला आली, तेव्हा मलप्पा पाथरवटानं मला घडवलं आणि निम्मं जमिनीत पुरलं. उगवतीला हिवरसोंड, मावळतीला लातूर, मधे दीड कोस तुरीचं काळं रान. माझं काम एकच, हलायचं नाही. दुसरं काम माणसांनी दिलं. गावात मुलीचं लग्न असलं की नवरदेवाची गाडी माझ्यापाशी थांबायची. मुलीकडची माणसं ताट घेऊन यायची, त्याचे पाय धुवायची, मलाही कुंकू लावायची. मगच नवरदेव गावात. वाजंत्री माझ्या कानाशी. काय रुबाब होता राव आपला!

त्र्याण्णव साली, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. मी दोन बोटं कललो. हिवरसोंडात माणूस दगावलं नाही, पण माळवदाच्या घरांना भेगा पडल्या. तिकडं किल्लारीकडं मात्र आमच्या गावच्या सुनेचं, गंगम्माचं, माहेर दगडी भिंतींखाली गेलं. तिची आईसुद्धा. तेव्हापासून लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. पोरं मला टेकून बसेनात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्याच भावकीनं माणसं मारली होती.

जुन्या घरांत झोपायला कुणी धजेना. गाव उठून रस्त्याकडच्या रानात, पत्र्याखाली आलं. समोरून लातूर येतच होतं. शिकवण्या, वसतिगृहं, मेस, झेरॉक्सची दुकानं. तुरीच्या रानाचे प्लॉट पडले आणि एक दिवस दोन्ही गावं माझ्याच अंगावर येऊन भेटली. मी एका वसतिगृहाच्या फाटकाशी अडकलो. उमरी, इस्लापूरहून शिकायला आलेल्या पोरांनी माझं कुंकू बघितलं आणि मला देवच करून टाकलं. नीटच्या परीक्षेला जाताना नारळ काय, अगरबत्त्या काय! "बाप्पा, सहाशे पन्नास मार्क दे." अरे बाबांनो, मला उगवती-मावळतीपलीकडं काही कळत नाही, बायॉलॉजी कुठून कळणार? पण लेकरं घाबरलेली असायची, म्हणून मी देव होऊन राहिलो.

मी कोण, हे गंगम्माला ठाऊक होतं. तिच्या नातीचं, पूनमचं, लग्न ठरलं. नवरदेव शिरूर अनंतपाळचा. वऱ्हाड थेट मंगल कार्यालयात उतरवायचं, असं तिच्या लेकानं, बालाजीनं ठरवलं होतं.

"आई, शीव राहिलीच कुठं? समदं लातूरच हाय आता."

"माझं माहेर एका पहाटंत गेलं," गंगम्मा म्हणाली. "सासर बी जाऊ देऊ? नवरदेवाला शिवंवर घेतल्याबिगर म्या अक्षता टाकणार न्हाई, सांगून ठेवते."

बालाजीनं पाहुण्यांना फोन लावला, आधी शिवेवर या म्हणून.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी फाटक रुंद करायला जेसीबी आला. एका हिसक्यात मी बाहेर. जन्मात एकच काम होतं, तेही हातून गेलं. मला मलब्यात टाकणार, तेवढ्यात तिथला वॉचमन वकार आडवा आला. त्यानं मला ओढून भिंतीला लावलं.

सकाळी गंगम्मा ताट घेऊन आली. माझी जागा रिकामी बघून ताट हातात धरूनच खड्ड्यात डोकावली.

"मावशी, म्या लई सांगितलं, त्यांनी ऐकलं न्हाई," वकार म्हणाला. "पण दगड जपून ठेवलाय. कुठं बसवू, सांगा. वऱ्हाडाची गाडी येऊन राहिली."

गंगम्मानं इकडं बघितलं, लातूर. तिकडं बघितलं, लातूरच. दोन्ही बाजूंना एकच गाव असलं तर शीव मांडायची कुठं?

"माझ्या दारात बसव," ती शेवटी म्हणाली.

वकार आणि बालाजीनं मला हातगाड्यावर घालून गल्लीत नेलं आणि उंबऱ्याबाहेर बसवलं. नवरदेव आला. गंगम्मानं त्याचे पाय धुतले, मला कुंकू लावलं. नवरदेवाचा मामा आजूबाजूच्या पाट्या वाचत उभा होता.

"सगळीकडं तर लातूर लिहिलंय. हिवरसोंड कुठंय हो?"

"इथून सुरू होतं, पाव्हणं," गंगम्मा म्हणाली. "या आत."

सगळे आत गेले. तीन खोल्या आणि मागचं दार, तिथं माझं गाव संपतं.

मित्रांनो, तुम्ही ज्या खोलीत राहून शिकता, तिच्याखाली कुठलं गाव आहे ते शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. उशीर करू नका. गंगम्माला सगळं आठवतं. बांध, ओढा, कुणाचं रान कुठं होतं, सगळं. ती गेल्यावर आलात तर दारात मी असेन, पण मला काही सांगता येणार नाही.