पुंगळीत डोकावताना

रोवीनाने मागून हात घालून एलवुडचं मनगट धरलं आणि रिव्हॉल्व्हर होतं तिथेच, लक्ष्याच्या दिशेला, रोखून ठेवलं.

"थांबा. बोट बाहेर घ्या."

एलवुड टीटरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कानांवरच्या जाड टोप्यांमुळे त्याला ऐकू आलं नसावं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने बोट चापावरून काढलं. शेजारच्या चौघांचे बार अजून दणदणत होते. एलवुडचा मात्र फुसका गेला होता. नुसता टप्प आवाज, हाताला झटका नाही, समोरच्या कागदावर नवं भोक नाही. असा बार झाला की हात जागच्या जागी थांबवायचा, हे अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यानेच तिला याच पत्र्याच्या छपराखाली शिकवलं होतं. आणि आज तोच पुढचा बार काढायला निघाला होता.

नेमबाजी क्लबचं मैदान सांभाळणाऱ्या डेलने सगळ्यांना थांबवलं. रिव्हॉल्व्हर रिकामं करून त्याने नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यावरच अडली. गोळी नळीत रुतून बसली होती. तिच्यामागून दुसरी गेली असती तर नळी फाटली असती, आणि एलवुडची बोटं नळीपासून वीतभरही लांब नव्हती. डेलने हातोडीने ठोकून गोळी बाहेर काढली आणि न बघताच भंगाराच्या बादलीत टाकली.

"आत दारूच नव्हती," तो म्हणाला. "कुणी भरलं होतं हे?"

एलवुडने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"रोने," तो रोवीनाकडे मान करून म्हणाला.

ते सगळ्यांना ठाऊकच होतं. जानेवारीत एलवुडच्या बायकोला, आर्डिथला, झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून एलवुडची काडतुसं रोवीनाच भरून द्यायची, पन्नासाचं एक खोकं दर आठवड्याला. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ भागात लोक शेजाऱ्यासाठी लाकडं फोडतात, गवत कापतात. तिला काडतुसं भरता येत होती, म्हणून ती काडतुसं भरायची.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. माझंच असणार, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. एलवुडने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं, पोरी. घरी जा आणि सगळी फोड."

ती बासष्ट वर्षांची होती. पोरी म्हणणारा तो एकटाच उरला होता. आपल्या खोक्यातली उरलेली काडतुसंही त्याने तिच्या हातात दिली.

काडतूस भरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट फोडायला लागतो. प्लास्टिकच्या पोकळ हातोडीत काडतूस अडकवायचं, लाकडाच्या ठोकळ्यावर तीनदा जोरात आपटायचं, की शिशाची गोळी सुटून बाहेर येते आणि मागोमाग दारू. ती दारू छोट्या तराजूवर घालून बघायची, बरोबर असेल तर पुढचं घ्यायचं. रोवीनाच्या गॅरेजमध्ये फळीवर सहाशेच्या आसपास भरलेली काडतुसं होती. संशयाला जागा राहिली की एकही ठेवायचं नाही, हाही एलवुडचाच धडा.

सोमवार गेला, मंगळवार गेला. उजवं मनगट सुजलं तेव्हा तिने डाव्या हाताने आपटायला सुरुवात केली. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून खांदे आधीच कामातून गेले होते. जेवायला म्हणून घरात जायची ती उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकून परत यायची. भरताना आपण कुठे चुकलो असू, हे ती आठवत होती. बाकावर दारूचा एकच डबा, रेडिओ बंद, बोलणं बंद, आणि गोळी बसवण्याआधी दारू घातलेल्या प्रत्येक पितळी पुंगळीत विजेरीने डोकावून बघायचं. ती डोकावली होती. दरवेळी डोकावत होती. पण फुसकं काडतूस खोटं बोलत नाही.

बुधवारी दुपारपर्यंत तिची सगळी फोडून झाली. एकातही चूक नव्हती. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं, पण ती फक्त दमली होती.

मग तिने एलवुडने परत दिलेलं खोकं ओढलं. त्यात बत्तीस उरली होती. पहिली वीस-बावीस तिच्या इतरांसारखीच निघाली. त्यानंतरच्या एका काडतुसातून गोळी निघाली आणि रोवीनाने हातोडी खाली ठेवली.

कागदावर नेम धरायच्या त्यांच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या असतात आणि पुंगळीच्या काठापर्यंत आत बसतात. बाहेरून दिसते ती फक्त शिशाची राखाडी टिकली. दोघंही एकसारख्या साच्यांत गोळ्या ओतायचे. साचाही त्यानेच तिला दिलेला. पण गोळीच्या खाचांत मेण भरावं लागतं, ते ती दुकानातलं निळं वापरायची. या गोळीच्या खाचांत तपकिरी मेण होतं. तिने ती नाकाशी नेली. मधमाश्यांचं मेण. परसातल्या पेट्यांमधलं मेण वितळवून त्यात गोळ्या बुडवणारा आख्ख्या क्लबात एकच माणूस होता.

तशी नऊ निघाली. सातांतली दारू बरोबर होती. आठव्यातली थोडी कमी होती. नवव्यातली तिने तराजूत ओतली तेव्हा काटा सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. दुप्पट होती. हे काडतूस फुसकं गेलं नसतं. याने रिव्हॉल्व्हरचं चक्रच उडवलं असतं.

ती पालथ्या बादलीवर बसली.

म्हणजे एलवुड घरी भरत होता. कधी, ते तिला कळेना. आर्डिथला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. जानेवारीपासून त्या माणसाला सलग दीड तास झोप मिळाली नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मधल्या वेळात कधीतरी तो आपल्या बाकापाशी जाऊन बसत असेल, हात ओळखीच्या कामाला लावायला. आणि तिने दिलेल्या खोक्यात रिकामी घरं दिसली की आपली भरत असेल.

पण मग तो 'रोने' असं का म्हणाला? विसरला होता, की विसरला नव्हता? संध्याकाळी भांडी घासताना तिने हे दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. ठरेना. डेलला सांगणं तिचं काम होतं. डेल वाईट माणूस नव्हता, पण त्याने एलवुडला मैदानावर येणं थांबवायला सांगितलं असतं, आणि थांबवायलाच हवं होतं. रविवारी नेमबाजीचे दोन तास एलवुडची भाची आर्डिथजवळ बसायची. आठवडाभरात घराबाहेरचे म्हणून तेवढेच दोन तास होते. आणि हे त्याला तोंडावर सांगितलं असतं तर त्याने शांतपणे ऐकून घेतलं असतं, दुसऱ्या दिवशी सगळं सामान विकून टाकलं असतं, आणि पुन्हा त्याविषयी बोलला नसता.

गुरुवारी सकाळी ती त्याच्याकडे गेली.

आर्डिथचा भाड्याने आणलेला पलंग खिडकीपाशी होता. एलवुड तिला मक्याची भाकरी ताकात कुस्करून चमच्याने भरवत होता. त्याची दाढी एका गालावर केलेली होती, दुसऱ्या गालावर राहून गेली होती. त्याने मानेनेच रोवीनाला बसायला सांगितलं.

"फोडलीस?"

"सगळी."

"सापडलं काही?"

"एक सापडलं. दुप्पट दारूचं."

चमचा आर्डिथच्या ओठांपाशी थांबला, मग आत गेला. त्याने रुमालाने तिची हनुवटी टिपली.

"फुसक्यापेक्षा वाईट," तो म्हणाला.

"हो."

"तुझ्या खोक्यात?"

"माझ्या खोक्यात," रोवीना म्हणाली. खोकं तिचंच होतं.

एलवुडने पुढचा चमचा भरला. मग तिने येताना वाटेत जुळवलेलं सगळं सांगून टाकलं. की आता तिची नजर पहिल्यासारखी राहिली नाही. की एकटीने भरायची तिला भीती वाटते. की मंगळवारी दहा ते एक सरकारी परिचारिका आर्डिथकडे येतेच, तेव्हा त्याने तिच्या गॅरेजमध्ये येऊन बसावं. भरायचं तिने, पुंगळीत डोकावायचं त्याने. आणि तो 'ठीक' म्हणाल्याशिवाय एकही गोळी बसवायची नाही.

"आणि तुम्हीही घरी भरू नका तोवर," ती म्हणाली. "दोघांनी मिळूनच भरू. मला सवय लागेपर्यंत."

तो वाडग्यात बघत होता. बराच वेळ त्याने वाडग्याच्या कडेने चमचा फिरवला.

"बासष्टाव्या वर्षी शिकवणी लावतेय बघ ही," तो शेवटी आर्डिथला म्हणाला. "पहिल्या खेपेला काही डोक्यात शिरलं नव्हतं वाटतं."

"शिकवणारा कसा होता ते मी बोलत नाहीये," रोवीना म्हणाली.

आर्डिथला झटक्यानंतर मोजकेच शब्द उच्चारता यायचे. तिने डावा हात उचलून नवऱ्याच्या बाहीला लावला.

"जा," ती म्हणाली.

रोवीना निघाली तेव्हा तो मागोमाग अंगणात आला. हातात लाकडी पेटी होती. तिच्या पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर त्याने ती ठेवली. आत काडतुसांची सात खोकी होती आणि दारूचा एक डबा, झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळलेला.

"तू फोडतेच आहेस, तर हीपण फोड," तो म्हणाला. "जुनी झालीत."

प्रत्येक खोक्यावर त्याच्या सुबक अक्षरात तारीख होती. सगळ्यात जुनी फेब्रुवारीतली, सगळ्यात नवी गेल्या आठवड्यातली. रोवीनाने तारखा वाचल्या आणि पेटीवर ताडपत्री ओढली.

"बरं," ती म्हणाली.

तो घरात गेला नाही. ती गाडी वळवून रस्त्याला लागेपर्यंत तो दोन्ही हात खिशात घालून तिथेच उभा होता.

मंगळवारी तो वेळेवर आला. तिने त्याच्यासाठी पेपरोनीच्या, तिखट सॉसेजच्या, चकत्या भरलेले पाव आणले होते. त्याने एक खाल्ला, दुसरा आर्डिथसाठी कागदात बांधून खिशात ठेवला आणि बाकापाशी स्टुलावर बसला. तिने पन्नास पुंगळ्यांचा पहिला ट्रे दारू घालून त्याच्यापुढे सरकवला. तो विजेरी घेऊन वाकला.

"ठीक," तो म्हणाला. "ठीक. ठीक."

प्रत्येक 'ठीक'नंतर ती पुंगळीवर एक गोळी ठेवून ती आत दाबणाऱ्या प्रेसचा दांडा ओढायची. तिसाव्यापाशी त्याने तिला थांबवलं, एक पुंगळी उचलून पुन्हा तोलायला लावली. ती बरोबर निघाली. तरी विचारलेलं बरं, असं तो म्हणाला. पहिला ट्रे संपायला पाऊण तास लागला. दुसरा तिने पुढे ठेवला.

विसाव्या पुंगळीनंतर 'ठीक' आलं नाही. रोवीना दांड्यावर हात ठेवून वाट बघत राहिली, मग तिने मान वळवली. तो भिंतीला टेकला होता, हनुवटी छातीवर, विजेरी मांडीवर तशीच चालू होती.

तिने दांड्यावरचा हात काढला. विजेरी बंद केली. उघड्या तीस पुंगळ्यांवर स्वच्छ फडकं टाकलं आणि हीटर त्याच्या पायांकडे वळवला. पुढची पुंगळी तिला स्वतःला बघता आली असती. तिची नजर चांगली होती. पण ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर वितळणाऱ्या बर्फाचं पाणी पन्हळीतून गळत होतं. त्याचा श्वास जड होता, मधेच अडकायचा, की ती जरा पुढे वाकायची.

पावणेएकला तिने त्याच्या गुडघ्याला हात लावला. तो दचकून जागा झाला आणि आधी घड्याळाकडे पाहिलं.

"किती झाल्या?"

"सत्तर."

"एवढ्या वेळात?"

"माझा हात मंद झालाय आताशा."

त्याने फडक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा काढून डोळे चोळले. गालावर भिंतीच्या फळीचा वळ उमटला होता.

"मंदच बरा," तो म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

तो गेल्यावर तिने त्या तीस पुंगळ्यांतली दारू डब्यात परत ओतली, झाकण लावलं, बाक पुसला. त्याच्या सात खोक्यांतली काडतुसं फोडायला तिला शनिवार उजाडला. आत काय काय निघालं, हे तिने कुणाला सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी एलवुड आला तेव्हा बाकापाशी स्टूल नव्हतं. घरातली हातांची, उंच पाठीची खुर्ची तिथे आणून ठेवलेली होती, पाठीवर घडी घातलेली शाल. त्याने खुर्चीकडे पाहिलं. मग टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि बसला.