आजी म्हणू की काकू

दीपाली रत्नागिरी–देवरूख गाडीवर कंडक्टर होती. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. पुरुष प्रवाशांना ती सरसकट ‘दादा’ म्हणायची. बायकांना मात्र चेहरा बघून ताई, काकू, आजी असं झटक्यात ठरवावं लागायचं.

त्या सकाळी गाडी खच्चून भरली होती. दारातच एक बाई फाईल छातीशी धरून उभी होती. केस पांढरेशुभ्र.

“आजी, जरा आत सरका.”

“मी शेहेचाळीस वर्षांची आहे,” बाई एवढंच म्हणाली.

मागचे दोघे फिस्सकन हसले. दीपालीचे कान तापले.

“सॉरी हं, काकू.”

“तेही नको.”

दीपालीने तिकीट दिलं. मग पुढे कुणालाच काही म्हणायचा तिला धीर होईना. “तिकीट, तिकीट” एवढंच करत ती फिरली.

हातखंब्याला गर्दी उतरली आणि त्या बाईला खिडकीपाशी जागा मिळाली. तिने स्वतःच दीपालीला हाक मारली.

“रागावले नाही हो तुमच्यावर. मी वैदेही. रंगाने डोक्याला पुरळ उठायचं, म्हणून लावायचा सोडला. आज देवरूखला कॉलेजात मुलाखत आहे, क्लार्कच्या जागेसाठी. वीस वर्षांनी नोकरीला निघालेय. कसाबसा धीर केला, आणि गाडीत पाय ठेवते तोच आजी झाले!”

“मला तर लोक ‘ए पोरी’ म्हणतात,” दीपाली म्हणाली. “दोन मुलं आहेत मला. मग तुम्हाला म्हणू तरी काय?”

वैदेही म्हणाली, “नुसतं ‘अहो’ म्हणा. त्याला वय नसतं.”

पालीला काठी टेकत एक म्हातारी चढली. दीपालीने लगेच नवा शब्द वापरला. “अहो, सांभाळून. इकडे या.”

म्हातारी जागीच थांबली. “अहो काय गो? मी काय तुजा घोव हाय? आजी म्हन की! सात नातवंडं हायत माजी.”

सगळ्यांच्या आधी वैदेही हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि सरकून म्हातारीला शेजारी जागा दिली. देवरूख येईपर्यंत म्हातारी तिला सातही नातवंडांची नावं सांगत होती.

स्टँडवर उतरताना वैदेहीने दीपालीच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

“येते हं, दीपाली.”

गाडीत चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणी तिला नावाने हाक मारली होती.